गॅरेजचा स्टुडिओ करताना आवाज कसा अडवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरुळमधल्या आमच्या रो हाउसच्या गॅरेजमध्ये मी तबल्याचं आणि निवेदनाचं रेकॉर्डिंग करते. ऐरोलीची कॉलेजातली मुलं, घोडबंदर रोडचे एक गिटारवादक, पनवेलचं एक भजनी मंडळ असे बरेच जण ही खोली बघून गेले. जाताना प्रत्येकाने जवळपास तेच प्रश्न विचारले, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. आमचं काम दोनदा झालं. पहिल्यांदा पैसे गेले आणि आवाज तसाच राहिला, दुसऱ्यांदा जमलं. दोन्ही वेळचा अनुभव यात आहे.

फोम लावला की खोली साउंडप्रूफ होते ना?

नाही. सगळ्यात जास्त पैसे याच समजुतीपायी वाया जातात, म्हणून हा प्रश्न पहिला घेतला.

आवाज अडवणं आणि आवाज शोषणं ही दोन वेगळी कामं आहेत. फोम हलका आणि सच्छिद्र असतो. त्यातून फुंकर आरपार जाते, तसा आवाजही जातो. तो फक्त खोलीच्या आत भिंतीवर आपटून परत येणारा आवाज कमी करतो. आमच्या पहिल्या कंत्राटदाराने चारही भिंतींना राखाडी, टोकाटोकांचा फोम चिकटवला. मी मध्ये उभी राहून टाळी वाजवली, ती एकदम कोरडी ऐकू आली. आम्हाला वाटलं, काम फत्ते. त्याच रात्री साडेनऊला शेजारच्या काकूंनी भिंतीवर टकटक केलं. त्यांच्याकडे आधी जेवढा तबला ऐकू यायचा, तेवढाच येत होता.

अंड्यांचे ट्रे, जाड पडदे, जुन्या गाद्या, गालिचे यांनाही हेच लागू. शिवाय साधा फोम आणि पुठ्ठ्याचे ट्रे भराभर पेट घेतात आणि फोमचा धूर विषारी असतो. बंद खोलीत ते भिंतभर लावू नका.

मग आवाज अडतो तरी कशाने?

वजनाने, हवाबंद केल्याने, आणि आतली भिंत बाहेरच्या भिंतीपासून सुटी ठेवल्याने.

वजनाचा नियम असा की एकेरी भिंतीचं वजन दुप्पट केलं की ती साधारण ५ ते ६ डेसिबल जास्त अडवते. आपल्या कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला मात्र सुमारे १० डेसिबलचा फरक पडावा लागतो. म्हणजे नुसत्या वजनावर अवलंबून राहिलात तर भिंत दुप्पट, मग चौपट जाड करावी लागेल, आणि गॅरेज तेवढं मोठं कुणाचं नसतं. म्हणून एका भिंतीच्या आत, तिला न चिकटणारी दुसरी भिंत उभी करतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

माझी सध्याची भिंत किती कामाची आहे?

आधी ती कशाची आहे ते बघा. साडेचार इंची विटांची, दोन्हीकडून प्लॅस्टर केलेली भिंत दर चौरस मीटरला साधारण २७० किलो भरते. नऊ इंची भिंत पाचशेच्या जवळ जाते. ठाण्यातल्या बऱ्याच नव्या इमारतींत सिपोरेक्ससारखे हलके ब्लॉक वापरतात. चार इंची ब्लॉकची भिंत प्लॅस्टर धरून शंभर-सव्वाशे किलोच भरते, त्यामुळे ती जाड दिसली तरी आवाज जास्त सोडते. सिमेंटचा ब्लॉक आतून पोकळ असेल तर पोकळ्या काँक्रीटने भरून घ्याव्यात.

प्लॅस्टर पूर्ण आहे का तेही तपासा. गॅरेजमध्ये बीमच्या खाली आणि शटरच्या पेटीमागे प्लॅस्टर बऱ्याचदा सोडून दिलेलं असतं. आमच्याकडे पेटीमागे विटांच्या सांध्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

किती डेसिबल अडवायचे हे कसं ठरवायचं?

तुमच्या खोलीतला सगळ्यात मोठा आवाज किती आणि शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीत किती पोचलेला चालेल, यातला फरक काढा. साधं बोलणं एक मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास असतं. खड्या आवाजातलं गाणं किंवा जवळून ऐकलेला तबला ९० पर्यंत जातो, ड्रमसेट ११० च्या घरात. रात्री शेजारच्या खोलीत ३० च्या वर काही पोचू नये असं धरलं, तर तबल्यासाठी ६० डेसिबल अडवावे लागतात. साडेचार इंची प्लॅस्टर केलेली भिंत स्वतः चाळीस-पंचेचाळीसपर्यंत अडवते. उरलेलं तुम्हाला मिळवायचं आहे.

कायद्याचे आकडेही माहीत असू द्या. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी ध्वनियंत्रणेचा किंवा वाद्याचा आवाज तुमच्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. इस्पितळ, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असेल, तर मर्यादा ५० आणि ४० अशी आणखी खाली येते.

मी मात्र फक्त कायद्यावर थांबू नका असं सांगेन. मर्यादेच्या आत असलेला डग्गासुद्धा (तबल्याच्या जोडीतला खर्जाचा) रात्री अकराला तान्ह्या बाळाला उठवू शकतो.

मोबाइलवरचं ॲप आकडा अचूक देत नाही, खर्जात तर फारच चुकतं. पण त्याच मोबाइलने, त्याच जागी, कामाआधी आणि कामानंतर मोजलं तर फरक बऱ्यापैकी कळतो.

शटर तसंच ठेवून काम होईल का?

नाही होणार. शटर म्हणजे पातळ पत्रा आणि शंभर फटी. त्याच्या आत फोम, ब्लँकेट, ग्लासवुल (काचेच्या तंतूंची लोकर), काहीही बांधा, खालून आणि दोन्ही बाजूंच्या खोबणीतून आवाज जातच राहील. तुमच्या तीन भिंती कितीही चांगल्या असल्या तरी खोलीची ताकद तिच्या सर्वांत कमजोर बाजूइतकीच असते.

शटरच्या आत नवी भिंत बांधा, शक्यतो नऊ इंची, वरच्या बीमपर्यंत पूर्ण. बीमखालचा शेवटचा थर गवंडी घाईने भरतात आणि तिथे बोटभर फट राहते. तिथे मसाला दाबून भरून घ्या, मग प्लॅस्टर. दर्शनी भाग बदलायचा नसेल तर शटर बाहेर राहू दे. त्याच्या कड्या वाऱ्याने खडखडतात, तेवढ्या रबर लावून बंद करा.

दरवाजा कसा हवा?

खर्चाला कात्री लावायची वेळ आली तर इतर कुठेही लावा, दरवाजावर नको.

बाजारातला हलका, आत पोकळी असलेला फ्लश डोअर चालत नाही. भरीव फ्लश डोअर घ्या, ३५ ते ३८ मिलिमीटर जाडीचा. आम्ही त्यावर १८ मिलिमीटरचा सिमेंट पार्टिकल बोर्ड गोंद आणि स्क्रूने बसवला. असा दरवाजा ९० किलोच्या आसपास जातो. त्याला तीन साध्या बिजागऱ्या पुरत नाहीत. चार जाड बेअरिंगच्या बिजागऱ्या आणि चौकट भिंतीत नीट गाडलेली हवी, नाहीतर दोन महिन्यांत दरवाजा खाली बसतो आणि वरच्या कोपऱ्यात फट पडते.

फटीचा हिशोब एकदा करून बघा. तीन फूट रुंद दरवाजाखाली फक्त ३ मिलिमीटर फट राहिली तर ती दरवाजाच्या क्षेत्रफळाच्या ०.१४ टक्के भरते. एवढ्याशा फटीमुळे दरवाजा, तो शिशाचा केला तरी, हिशोबाने २८-२९ डेसिबलच्या पुढे अडवू शकत नाही. म्हणून चारही बाजूंना रबराची पट्टी लागते, तळालासुद्धा. खाली एकतर उंबरठा करून त्यावर पट्टी दाबली जाईल असं बघा, नाहीतर दरवाजा बंद होताना आपोआप खाली उतरणारी पट्टी मिळते ती बसवा. आपल्याकडे उंबरठ्याची सवय आहे, त्यामुळे मला उंबरठाच बरा वाटतो. पावसाचं पाणीही तो अडवतो.

तपासायला उदबत्ती घ्या. पंखा, एसी बंद करा, दार लावा, पेटवलेली उदबत्ती पट्टीच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर सरळ वर चढत असला तर ठीक. जिथे तो वाकतो किंवा आत ओढला जातो तिथे फट आहे. आमच्या दाराला बिजागरीच्या बाजूला, वरून दुसऱ्या बिजागरीपाशी, धूर करंगळीएवढ्या जागेत आत वळत होता. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. बिजागरीच्या पानाखाली पट्टी कापली गेली होती.

जागा असेल तर एकाऐवजी दोन दरवाजे लावा, एक बाहेरच्या भिंतीला आणि एक आतल्या भिंतीला, मध्ये थोडं अंतर ठेवून. दोन मध्यम दरवाजे एका अतिजड दरवाजापेक्षा जास्त काम करतात. आतून विनाकिल्ली उघडतील अशाच कड्या लावा. आग लागली तर अंधारात किल्ली सापडत नाही.

‘खोलीत खोली’ म्हणजे नक्की काय?

गॅरेजच्या आत, जुन्या भिंतींना आणि स्लॅबला न टेकणारी दुसरी, हलकी खोली. लोखंडी किंवा प्रक्रिया केलेल्या लाकडाची चौकट जमिनीवर उभी राहते. ती जुन्या भिंतीपासून इंचभर दूर असते. चौकटीच्या पोकळीत रॉकवुल (दगडाच्या तंतूंची लोकर) किंवा ग्लासवुल भरतात, ४८ किलो घनतेचं पुरतं. मग फक्त आतल्या बाजूने जिप्सम बोर्डचे दोन थर, एकाचे सांधे दुसऱ्याच्या सांध्यांवर न येतील असे.

‘फक्त आतल्या बाजूने’ हे मुद्दाम लिहिलं. काही सुतार चौकटीच्या दोन्ही बाजूंना बोर्ड मारतात, भक्कम होईल म्हणून. त्याने जुनी भिंत, मधला बोर्ड आणि आतला बोर्ड अशी तिहेरी भिंत होते, एक मोठी पोकळी दोन छोट्या पोकळ्यांत वाटली जाते आणि खर्जाचा आवाज उलट जास्त जातो.

पोकळी मोठी हवी याचं कारणही खर्जच. दोन भिंती आणि मधली हवा मिळून स्प्रिंगसारखी डोलते, आणि ज्या कंपनसंख्येला ती डोलते तिथे दुहेरी भिंतीचा फायदा राहत नाही. विटांची भिंत आणि दोन थर जिप्सम धरले तर दोन इंच पोकळीत ही कंपनसंख्या ६५ हर्ट्झच्या (सेकंदाला ६५ कंपनांच्या) आसपास येते, चार इंचांत ४६ च्या. तिच्या साधारण दीडपट वर गेल्यावर फायदा सुरू होतो. डग्ग्याची घुमारी ७० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात बसते, म्हणून तबलावाल्यांनी चार इंचांचा आग्रह धरावा. फक्त निवेदन करायचं असेल तर दोन इंचांत भागतं.

आता काकूंची गोष्ट. दुसऱ्यांदा काम झाल्यावर मी त्यांनाच ऐकायला बसवलं. भाऊ आत वाजवत होता. काकू म्हणाल्या, “अगं, चाट (तबल्याच्या काठावरचा टणक बोल) आता अजिबात येत नाही. पण डग्गा येतोय. मांडणीवरच्या वाट्या बघ.” मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. स्टीलच्या दोन वाट्या एकमेकींना टेकून बारीक किणकिणत होत्या, घिस्सा (डग्ग्यावर मनगट घासून काढलेला बोल) आला की जरा मोठ्याने. मांडणीवर हात ठेवला तर बोटांना ते जाणवत होतं. मांडणी ज्या भिंतीवर ठोकली होती ती आमची सामाईक भिंत.

दोन दिवस शोधलं. भिंतीला कान लावून, बोर्डवर मूठ आपटून. शेवटी मागच्या कोपऱ्यात बोर्ड उघडला तेव्हा चौकट आणि जुनी भिंत यांच्यामध्ये काडेपेटीएवढी सागाची पाचर सापडली. चौकट ओळंब्यात आणायला सुताराने ती ठोकली होती आणि स्क्रूने पक्की केली होती. सबंध खोली त्या एका तुकड्यातून काकूंच्या भिंतीला जोडली गेली होती. पाचर काढली, बोर्ड परत लावला आणि वाट्या गप्प झाल्या.

म्हणून बोर्ड लावण्याआधी स्वतः टॉर्च घेऊन पूर्ण पोकळी बघा. पडलेला मसाला, विटेचा तुकडा, अडकलेला पाइप, वाकलेला स्क्रू, काहीही दोन्ही बाजूंना टेकता कामा नये. आणि सुताराला आधीच नीट समजावा की पाचर का नको. त्याची ती चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

जमीनही वेगळी करावी लागते का?

गॅरेज तळमजल्यावर, मातीवर बसलेलं असतं, ही मोठी सोय आहे. आवाजासाठी आणि बोर्डच्या वजनासाठीही. तबला, गाणं, गिटार यांना पूर्ण तरंगती (जुन्या फरशीपासून सुटी) जमीन सहसा लागत नाही. बसायच्या जागी १८ मिलिमीटर प्लायचे दोन थर जाड रबरावर ठेवून छोटा चौथरा करा. तेवढ्याने डग्ग्याची धडक फरशीत उतरत नाही. रेल्वे रूळ अगदी जवळ असतील तर मात्र गुरगुर मातीतूनच येते. ठाणे ते वाशी-पनवेल मार्गालगत राहणाऱ्यांनी आधी रात्री फरशीवर कान टेकवून ऐकावं आणि मग ठरवावं.

छताचं काय करायचं?

वर घर असेल तर पावलांचा आणि भांड्यांचा आवाज खाली येतो, तुमचा वर जातो. आतल्या खोलीचं छत आतल्याच भिंतींवर टेकवा. स्लॅबला तारेने टांगलेलं साधं फॉल्स सीलिंग स्लॅबशी जोडलेलंच राहतं. दोन थर जिप्सम दर चौरस मीटरला १७-१८ किलो होतात, त्यामुळे आडव्या चौकटीचं माप सुताराच्या अंदाजावर सोडू नका, अभियंत्याकडून घ्या. छताला दिव्यांसाठी भोकं पाडू नका. भिंतीवर दिवे लावा.

वर नुसता पत्रा असेल तर हे काम पावसाळ्यात किती भोवतं ते जून महिन्यातच कळतं. आमच्याकडे धो धो कोसळतो तेव्हा पत्र्याखाली माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. पत्र्याच्या वर वजनदार, पाणी न धरणारा थर आणि खाली सुटं, दुहेरी छत, दोन्ही लागतात. जमत असेल तर स्लॅबच घाला.

एवढी हवाबंद खोली केली, मग श्वास कसा घ्यायचा?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

स्प्लिट एसी ताजी हवा आत आणत नाही, तीच हवा थंड करून फिरवतो. आमची आतली खोली सुमारे ३५ घनमीटर आहे. एक माणूस शांत बसला तरी तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तिघे तासभर बसले तर बाहेरच्या चारशेच्या जागी पातळी २००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २००० भागांच्या) घरात जाते. डोकं जड होतं, जांभया येतात, गाणाऱ्याचा दम कमी पडतो आणि त्याला वाटतं आपला रियाज कमी पडतोय.

तिघांसाठी तासाला नव्वद घनमीटर ताजी हवा मिळेल असा डक्टमध्ये (हवेच्या पाइपात) बसणारा पंखा घ्या, हवा आत आणायला एक आणि बाहेर सोडायला एक रस्ता ठेवा. दोन्ही रस्त्यांवर प्लायची पेटी करा. आतून दोन इंच रॉकवुल, वर काळं कापड, आणि हवेला तीनदा वळावं लागेल अशा आडव्या फळ्या. हवा वळते, आवाज रॉकवुलमध्ये मुरतो. पेटीतला मार्ग पाइपापेक्षा रुंद ठेवा, नाहीतर हवेचाच फुसफुस आवाज मायक्रोफोनमध्ये येतो. पंखा भिंतीला ठोकू नका, रबरावर टांगा. एसीचा बाहेरचा भाग शेजाऱ्याच्या खिडकीखाली येणार नाही असं बघा.

पावसाळ्यात ओल, बुरशी, वाळवी?

नवी मुंबईचा बराच भाग खाडीच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणूनच सिडकोने पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव केले. मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की गॅरेजमध्ये पाणी येऊ शकतं. आत भर घालून जमीन निदान सहा इंच उचला. जिप्सम बोर्ड जमिनीपर्यंत नेऊ नका, खालचा फूटभर भाग सिमेंट बोर्डचा करा आणि फट रबराने किंवा सीलंटने बुजवा. बाहेरच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग आधी, एक पावसाळा काढून बघायचा, मगच आत काम. भिजलेली लोकर पोकळीत खाली बसते आणि वास मारते, आणि बोर्ड उघडल्याशिवाय ते समजत नाही.

लाकूड वापरत असाल तर वाळवीची फवारणी चौकट उभी करण्याआधी. एसीचा ड्राय मोड ओलावा बऱ्यापैकी काढतो. तबल्याच्या पुडीला आणि पेटीच्या सुरांनाही त्याने बरं वाटतं.

वायरिंगमध्ये काय जपायचं?

सामाईक भिंतीत खाचा मारून स्विचच्या पेट्या बसवू नका. वायर भिंतीवरून पाइपात न्या आणि आतल्या खोलीत शिरण्यासाठी एकच भोक ठेवा, तेही सीलंटने बंद. अर्थिंग स्वतंत्र तपासून घ्या.

सोसायटीतल्या पार्किंगमध्ये असं करता येईल?

स्टिल्टमधल्या (इमारतीखाली खांबांमध्ये सोडलेल्या) पार्किंगमध्ये नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं की स्टिल्टमधली उघडी पार्किंगची जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती इमारतीच्या सामाईक भागात मोडते. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्यातही गॅरेजला छत आणि तीन बाजूंना भिंती असाव्या लागतात. तिथे भिंती घालणं म्हणजे शेजाऱ्यांच्या जागेवर बांधकाम.

स्वतःचा बंगला किंवा रो हाउस असेल तरी मंजूर नकाशात ती जागा पार्किंग म्हणून दाखवलेली असते. पार्किंग सहसा चटईक्षेत्रात धरत नाहीत, वापर बदलला की ते धरलं जाऊ शकतं. त्यामुळे विटेला हात लावण्याआधी वास्तुविशारदाला नकाशा दाखवा, २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली तो बघेल, आणि तुमच्या भागाप्रमाणे ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेकडे अर्ज करेल. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या घरांना पट्ट्यातल्या अटीही लागू होतात. स्टुडिओ भाड्याने देणार असाल तर वीजजोडणीचा वर्गही बदलून घ्यावा लागतो.

आणि शेजाऱ्यांना काम सुरू होण्याआधी भेटा. ठोकाठोकी महिनाभर चालते.

ड्रमसेट किंवा ढोल-ताशाचा सराव होईल का?

११० मधून ३० वजा केले तर ८० डेसिबल अडवावे लागतील. साध्या गॅरेजमध्ये ते होत नाही. ड्रम वाजवणाऱ्यांनी इलेक्ट्रॉनिक किट घ्यावा, त्याचं पायाचं पेडल रबराच्या चौथऱ्यावर ठेवावं. ढोल-ताशा पथकाला मोकळं मैदानच हवं.

सामान किती लागेल?

तुमच्या मापाने हिशोब मांडता यावा म्हणून उदाहरण देते. गॅरेज १८ बाय १० फूट, उंची ९ फूट. भिंती ५०४ चौरस फूट, छत १८०, एकूण ६८४. दोन थर म्हणजे १३६८ चौरस फूट. सहा बाय चार फुटांचा एक बोर्ड २४ चौरस फूट, म्हणजे ५७ बोर्ड, तुटफूट धरून ६३. एक बोर्ड साधारण १८-२० किलोचा. टेम्पोतून उतरवून ठेवायला कोरडी, सपाट जागा आधी तयार ठेवा, उभे टेकवलेले बोर्ड वाकतात. लोकर ६८४ चौरस फूट. सीलंटच्या नळ्या दुकानदार सांगेल त्याच्या दुप्पट घ्या.

प्रत्येक भिंतीमागे पाच इंच जागा जाते, १० फुटांची खोली ९ फूट २ इंच उरते. पैसे टप्प्याटप्प्याने येणार असतील तर क्रम असा ठेवा: शटरमागची भिंत, दरवाजा, हवेच्या पेट्या, सामाईक भिंतीसमोरची आतली भिंत, मग बाकीचं.

हे सगळं झाल्यावर खोलीत आवाज घुमतो, ते का?

कारण आत आता कडक बोर्ड आहे, आणि बाहेर न गेलेला आवाज आतच फिरतो. फोमचं काम खरं इथे सुरू होतं, पण इंचभर जाडीचा फोम फक्त तीक्ष्ण आवाज घेतो. चार इंच रॉकवुलची, सुती कापड ताणलेली पॅनेलं करा. वाजवणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, डोक्यावर आणि चारही कोपऱ्यांत उभी, कोपऱ्यातली जाड. आमच्या रुंदीत ६२ हर्ट्झला आणि लांबीत ६६ हर्ट्झला घुमारा येतो, दोन्ही एकमेकांवर चढतात, म्हणून डग्ग्याचा एक विशिष्ट स्वर फुगायचा. कोपरे भरल्यावर तो बराच बसला. सगळ्या भिंती झाकू नका, खोली मेल्यासारखी वाटते आणि गाणारा उगाच जोर लावतो.

देखभाल काय लागते?

मे महिन्याच्या शेवटी, पावसाआधी, दाराच्या रबरी पट्ट्या ओल्या फडक्याने पुसा आणि वर हलकी टाल्कम पावडर चोळा, नाहीतर दमट हवेत त्या चौकटीला चिकटतात आणि दार ओढताना फाटतात. दाबली गेलेली पट्टी परत फुगत नसेल तर बदला. हवेच्या पेट्यांचं झाकण उघडून धूळ काढा. दिवाळीच्या सुमारास पुन्हा एकदा उदबत्ती फिरवा, पावसाळ्यात फुगलेलं लाकूड तोवर आक्रसतं आणि नव्या फटी दिसतात. आमच्याकडे दरवर्षी बिजागरीच्या बाजूचा एक तरी स्क्रू सैल झालेला सापडतो.